साहेबाशी नऊ होल कसे हरावेत: बुलढाण्याची एक सहल

गोल्फ बघायला कुठे जावं, असं हल्ली वाचक मला विचारतात. परदेशातल्या हिरव्यागार मैदानांचे माझे फोटो बघून त्यांना वाटतं, बाईंना त्यातलं बरंच कळतं. कळतं थोडंफार. पण मी पाहिलेला पहिला सामना बुलढाण्यात झाला, महाराष्ट्र होऊन चार-पाचच वर्षं झाली होती तेव्हा, आणि त्या मैदानावर औषधालाही हिरवळ नव्हती. त्या सहलीवर लिही म्हणून नात मागे लागली आहे, म्हणून लिहिते. आधीच सांगून ठेवते, माझा राग अजून गेलेला नाही.

जायचं ठरवलं ते माझ्या वहिनीने. भाऊ बुलढाण्याला सरकारी नोकरीत होता. खातं कुठलं ते सांगत नाही, सगळी सारखीच. वहिनी नागपुरात शाळेवर, तिची नोकरी सुटण्यासारखी नव्हती, आणि त्यांची छोटी आमच्या घरी वाढत होती. भाऊ सणाला आला की ती पोर पडद्याआड लपायची. आलेला माणूस आपला बाप आहे हे तिला दरवेळी नव्याने सांगावं लागायचं. भाऊला नागपूरला बदली हवी होती आणि ती त्याच्या साहेबाच्या हातात होती. अशात त्याचा निरोप आला की क्लबच्या कपाच्या शेवटच्या सामन्यात साहेब आणि तो समोरासमोर आहेत, सामना झाला की साहेब खुशीत असतील, तेव्हा विषय काढतो.

"वन्सं, तुम्ही जा," वहिनी म्हणाली. "हे दरवेळी विषय काढतो म्हणतात आणि विषय खिशात घालून परत येतात. समोर उभं राहून काढायला लावा."

नागपूरहून गाडीने मलकापूर. स्टेशनबाहेर कापसाच्या गाड्यांची ही रांग, हवेत सगळीकडे तंतू, चहाच्या कपातसुद्धा. भजी मात्र झकास, कढईतून थेट कागदावर. तिथून एसटी. मोताळ्यापर्यंत सपाट रस्ता, मग राजूर घाट. कुणी जाणार असाल तर घाट लागायच्या आत डबा संपवा. मी मोताळ्यानंतर उघडला आणि वहिनीने भाऊसाठी दिलेल्या चिवड्यातला निम्मा पुढच्या बाकावरच्या काकांच्या टोपीत गेला.

काका चिडले नाहीत. टोपीतलं वेचून खात त्यांनी विचारलं, "कोनाकडं जाऊन राह्यल्या, बाई?"

"भावाकडे. उद्या गोल्फचा सामना आहे त्याचा."

"गोल्फ म्हंजे काय व्हय?" कंडक्टरने मागून विचारलं.

"थे नाई का," काका म्हणाले, "साहेब लोकं चेंडू हरवतेत अन् मंग दिवसभर धुंडतेत."

वर पोचलो की हवा बदलते. मलकापूरला घाम पुसत होते, बुलढाण्यात पदर अंगाभोवती घट्ट घेतला. भाऊच्या खोलीवर गरम भाकरी आणि पातोडीची, म्हणजे बेसनवड्यांची रस्साभाजी तयार होती, शेजारच्या काकूंनी पाठवलेली. इतकी जहाल की डोळ्यांतून पाणी आलं, तरी मी तीनदा वाढून घेतली. जेवण झाल्यावर उन्हं उतरली तसा भाऊ म्हणाला, "चाल, तुले मैदान दाखवतो."

मैदान म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांनी मागे ठेवलेला माळ. नऊ होल. मधून गाडीवाट, बाभळी, मुरूम, शेळ्या. खड्ड्याभोवती हिरवळ असते असं मी चित्रांत पाहिलं होतं. इथे वाळूवर वापरलेलं इंजिन तेल शिंपडून दाबलेलं तपकिरी रिंगण होतं. त्यावर पावलं उमटत, म्हणून क्लबचे गुलाबचाचा लाकडी फळी ओढून ते पुनःपुन्हा सारखं करत. भाऊने मला नियम समजावला: प्रत्येक होल म्हणजे वेगळी लढाई, कमी फटक्यांत चेंडू घालेल त्याचा तो होल, आणि ज्याचे होल जास्त त्याचा कप. एवढं मला लगेच कळलं.

मग तो एकेक होल कसा खेळायचा ते सांगायला लागला आणि माझं डोकं फिरायला लागलं.

"पहिला जिंकायचा," तो म्हणाला. "उतार हाय, कडुनिंबाच्या उजवीकडून मारला का चेंडू आपसूक घरंगळते. थो पहिलाच हरलो तं साहेबाले संशय येते."

"कसला संशय?"

"दुसरा हरायचा," तो माझ्याकडे न बघता पुढे चालत राहिला. "इथं चेंडू गाडीवाटेच्या चाकोरीत पाडायचा. चाकोरीतून कोनाचाच निघत नाई, म्हणून कोनी हसत नाई. तिसरा बराबरीत. ही दगडाची खदान दिसते ना, साहेब तिले घाबरते. म्हणून आधी आपन खदानीत पडायचं. मंग थे पडले तरी त्याईले लाज वाटत नाई."

मी मधेच थांबले. "भाऊ, तू हरायला जातो आहेस?"

"मले घरी जायचं हाय, शालू," तो म्हणाला.

त्याच्या मागोमाग बाकीचे होल पाहिले. चौथा लांबलचक, डावीकडे कलता. तो जिंकायचा, कारण साहेबांचा दम तिथे संपतो आणि हरलो तरी लांबीमुळे हरलो असं त्यांना म्हणता येतं. पाचव्यावर बाभळीच्या वरून मारायचं सोडून मुद्दाम मधून मारायचं, हरायचं. सहावा बरोबरीत. सातवा घाटाच्या कडेला. वारा दरीकडे ओढतो, चेंडू खाली गेला की गेलाच. तिथे भाऊ आखूड मारून हमखास जिंकायचा. आठवा सीताफळीच्या झुडपांचा, तो हरायचा. म्हणजे नवव्याला दोघं सारखे. नववा चढाचा, क्लबच्या व्हरांड्यासमोर, चहा पीत बसलेल्या सगळ्यांच्या देखत. तिथे अगदी थोडक्यात हरायचं. खूप फरकाने हरलं तर साहेबांना मजा येत नाही, म्हणे.

हे एकट्या भाऊचं नव्हतं, हे ऐकून तर मी कपाळाला हात लावला. तिथे सगळेच असे खेळत. कुणी नवीन बदलून आला की जुने लोक त्याला संध्याकाळी मैदान फिरवून कुठे कसं हरायचं ते समजावून देत. इंग्रज गेले, राज्य बदललं, मुंबईत नवं मंत्रिमंडळ बसलं, आणि बुलढाण्याच्या माळावर शिकली-सवरलेली माणसं अजून साहेबापुढे वाळूतसुद्धा ताठ उभी राहत नव्हती. त्या रात्री भावाशी मी धड बोलले नाही.

सकाळी साहेब आले. पुण्याकडचे, गोरेपान, हाताला मोजा. माणूस खरं तर वाईट नव्हता, त्यामुळे मला आणखी राग आला. माझी चौकशी केली, प्रवासाचं विचारलं, "तुमच्या वऱ्हाडी भाषेची गंमत वाटते बुवा," म्हणाले. मी गोड हसले, कारण भाऊने डोळे मोठे केले होते.

पहिले सात होल भाऊने सांगितल्याबरहुकूम झाले. चाकोरीत पडला, खदानीत पडला. साहेब खदानीच्या काठावरून त्याला म्हणाले, "मनगट सैल, मनगट सैल!" आणि मागोमाग स्वतः आत गेले. सातव्यावर भाऊने वाऱ्याखालून इतका सुरेख चेंडू मारला की मी सगळं विसरून टाळ्या वाजवल्या. ते पाहून मला कळलं की त्याला येत होतं. सगळ्या जिल्ह्यात त्याच्याइतकं कुणाला येत नसणार.

आठव्यावर घोटाळा झाला. साहेबांनी चेंडू थेट सीताफळीत घातला आणि भाऊची पंचाईत झाली. आता याच्यापेक्षा वाईट खेळायचं कसं? तेवढ्यात गुलाबचाचा झुडपात शिरले आणि मोकळ्या जागेतून ओरडले, "मिल गया साहेब! बाहेरच हाय!"

"तो तर आत गेला होता," मी त्यांना हळूच म्हटलं.

"बेटी, इथं साहेबाचा चेंडू झाडीत राहतच नाई," चाचा म्हणाले. "तीस साल झाले. गोरे होते तवाबी नाई राह्यला."

तेवढ्यावर भागलं नाही. रिंगणात त्यांनी साहेबांच्या चेंडूपासून खड्ड्यापर्यंत फळी अशी काही दाबून ओढली की वाळूत पन्हळच तयार झाली. चेंडू बिचारा जाणार कुठे? होल साहेबांचा.

नववा. दोघं सारखे. व्हरांड्यात कपबश्या वाजत होत्या. मैदानातून पायवाट जायची, तिच्यावर बाजाराला आलेला अमडापूरचा एक शेतकरी डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवून बघत उभा राहिला. साहेबांनी चढावर दोन फटके वाया घालवले, रिंगणात पोचल्यावर तिसऱ्या प्रयत्नात कसाबसा चेंडू घातला. आणि भाऊचा चेंडू खड्ड्यापासून हातभर अंतरावर होता, एक फटका हातात राखून. हा घातला की कप त्याचा. न घालता पुढच्यात घातला तर बरोबरी, मग दोघं पुन्हा पहिल्या होलवर. म्हणजे हरायचं तर इथे दोनदा चुकायला हवं होतं.

मी भाऊकडे टक लावून पाहत होते. टाक, मनात म्हणत होते, एकदाच टाक.

त्याने डोकं खाली घातलं. चेंडू खड्ड्याच्या ओठावरून पलीकडे गेला. व्हरांड्यातून "अरेरे!" आलं. तो पलीकडे गेला, वाकला, परत मारला. चेंडू पुन्हा खड्ड्याला वळसा घालून बाहेर.

"काऊन हो," तो शेतकरी मला म्हणाला, "हा मानूस मुद्दाम चुकून राह्यला का?"

"हो," मी म्हटलं. दिवसभरात मोठ्याने बोललेला माझा पहिला खरा शब्द तो होता.

चहाच्या वेळी साहेब फुलून आले होते. जिंकलेला कप टेबलावर ठेवून मला म्हणाले, "काय, कसा वाटला सामना?"

माझ्याने राहवलं नाही. "शेवटचा चेंडू आमच्या आईनेसुद्धा डोळे मिटून घातला असता," मी म्हटलं.

साहेब खो खो हसले. "बघा! बहीणसुद्धा म्हणते! अहो, नवव्यावर तुम्ही घाबरता, हेच मी तुम्हाला सांगत असतो." आणि त्यांनी माझ्या भावाला नवव्या होलवर मनगट कसं ठेवावं ते चमच्याने करून दाखवलं. सगळे माना डोलावत होते. माझा संताप त्यांनी बिस्किटाबरोबर खाऊन टाकला.

मी भाऊला कोपराने ढोसलं. अखेर त्याने विषय काढला. "साहेब, थे नागपूरचं जरा..."

साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. डोळ्यांत खरी माया होती, शपथेवर सांगते. "अहो, ते डोक्यातून काढा. नवव्या होलपर्यंत मला झुंजवणारा एकच माणूस आहे या जिल्ह्यात. तुम्हाला मी सोडतोय होय? मी आहे तोवर तुम्ही इथेच."

"आभारी आहे, साहेब," भाऊ म्हणाला.

आभारी! खोलीवर येईपर्यंत मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी तो एवढंच म्हणाला, "तुह्या वहिनीले सांगजो, विषय काढला होता."

दुसऱ्या दिवशी परतीची एसटी धरली. आज तुम्ही बुलढाण्याला गेलात तर तो माळ शोधत बसू नका. घाट बघा, सीताफळांचा हंगाम असेल तर पोटभर खा, भाकरीबरोबर पातोडी मागा आणि हवा छातीत भरून घ्या. मला त्या गावाबद्दल काहीच राग नाही. राग आहे तो त्या दोनदा चुकलेल्या चेंडूचा, आणि आजही कचेऱ्यांतून, कॉलेजांतून, घराघरांतून तसेच हातभर अंतरावरून चेंडू चुकवले जाताना दिसतात त्याचा. आपण त्याला व्यवहार म्हणतो.

नागपूरला पोचले तेव्हा वहिनी पोरीची वेणी घालत होती. मी सगळं सांगितलं, होलागणिक. तिने वेणी पुरी केली, रिबन बांधली आणि म्हणाली, "मग जिंकायचं होतं की, वन्सं! जिंकले असते तर साहेबाने रागाच्या भरात दुसऱ्या दिवशी बदली केली असती."

हे आम्हा दोघा शहाण्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. वहिनीने त्याला तसं कळवलं, चांगलं खरमरीत, आणि भाऊलाही ते पटलं. पुढच्या वर्षी पुन्हा तोच सामना, पुन्हा नववा होल, पुन्हा दोघं सारखे आणि चेंडू तसाच हातभर अंतरावर. या वेळी भाऊ जिंकायला उभा होता. मारायच्या आधी त्याने देवाचं नावसुद्धा घेतलं, असं त्यानेच नंतर आम्हाला सांगितलं. पण इतकी वर्षं चुकवायला शिकवलेल्या त्याच्या हातांना तो चेंडू घालताच आला नाही.