खंडूसाठी हरीण

अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या मराठी मंडळात त्र्यंबकराव पांढरीपांड्यांची ख्याती होती ती अंड्यावरून. वाढदिवसाच्या केकमध्ये अंडं आहे का, हे ते यजमानांना चारचौघांत विचारत आणि उत्तर 'हो' आलं की प्लेट निमूटपणे खाली ठेवत. नागपूर सोडून सत्तावीस वर्षं झाली, पण गड्यानं नेम मोडला नाही. असा माणूस एकोणसाठाव्या वर्षी धनुष्यबाण घेऊन हरीण मारायला निघालाय म्हटल्यावर मंडळ पोट धरून हसलं असतं. म्हणून त्यांनी कुणाला सांगितलंच नाही.

कारण होतं खंडू. मुलगी गिरिजा शाळेत असताना तिनं हट्टानं आणलेलं हे तांबूस कुत्रं आता तेरा वर्षांचं झालं होतं. मोतीबिंदूनं डोळे गेले, कानांनीही साथ सोडली. माणूस ओळखायचा तो नाकानं. त्यात अंगाला खाज सुटली. डब्यातलं चिकन बंद केलं, बीफ बंद केलं, मासे झाले, टर्की झाली. खंडू स्वतःचेच पाय चावून रक्तबंबाळ करायचा आणि त्र्यंबकरावांच्या पत्नी रत्नाताई मलम लावताना डोळे पुसायच्या. शेवटी कुत्र्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यानं कधीच न खाल्लेलं मांस द्या. हरणाचं बघा. नाहीतर त्याला शांतपणे जाऊ द्यायचा विचार करा."

शेजारच्या डेनिसनं आपल्या फ्रीझरमधलं उरलंसुरलं हरीण दिलं आणि तीन आठवड्यांत जखमा वाळल्या. मग ते संपलं. दुकानातले डबे आणले, तर त्यात हरणाच्या जोडीला आणखी काहीबाही होतं. खाज परत आली. डेनिसचा खांदा ऑपरेशननं जायबंदी, यंदा त्याला धनुष्य ओढणं शक्य नव्हतं. "शिकवतो मी," तो म्हणाला, "पण मारायचं तू."

सांता क्लाराला राहणाऱ्या गिरिजाला फोन केला, तर ती आधी हसलीच. "बाबा, तू? यू कान्ट इव्हन किल अ स्पायडर!" मग म्हणाली, "थँक्सगिव्हिंगला मी येतेय. तोपर्यंत त्याला जाऊ देऊ नकोस ना, प्लीज."

रत्नाताईंनी मात्र अट घातली. "माझ्या ओट्यावर ते यायचं नाही. जे काय करायचं ते गॅरेजमध्ये करा. आणि मी तिथे पाऊल ठेवणार नाही."

उन्हाळाभर त्र्यंबकरावांनी शिकारीचा कोर्स केला, परीक्षा दिली, लायसन्स काढलं आणि परसात गवताच्या गठ्ठ्यावर बाण सोडून बोटं सोलून घेतली. डेनिसचे धडे ते वहीत उतरवत. वारा हरणाकडून आपल्याकडे यायला हवा. नेम पुढच्या पायाच्या जरा मागे. खात्री नसेल तर बाण सोडायचा नाही. जखमी करून पळवायचं हे पाप. बाण लागला तरी अर्धा तास झाडावरून उतरायचं नाही.

शरदात सीझन उघडला. आठवडाभर नोकरी, रविवारी शिकारीला बंदी, म्हणून उरला शनिवार; तोही नेमका त्यांच्या उपासाचा. तीन शनिवार ते पहाटेपासून झाडावरच्या मचाणावर साबुदाणा खाऊन बसले. हरणं यायची, नाक वर करायची, जमिनीवर खूर आपटायची आणि शेपटीचा पांढरा झेंडा दाखवत पसार व्हायची. इकडे खंडूच्या पायांतून पुन्हा रक्त येऊ लागलं होतं.

चौथ्या आठवड्यात डेनिसनं त्यांचं जॅकेट नाकाला लावलं आणि भुवया चढवल्या. "हे धुतोस कशात?"

"तू दिलेल्या बिनवासाच्या साबणात."

"आणि वाळवतोस कुठे?"

वाळवायचे ते स्वयंपाकघराच्या दाराशी, खुंटीला. शेजारीच रोजची हिंग-मोहरीची फोडणी! जंगलातल्या हरणांना पांढरीपांड्यांच्या घरातलं वरण फर्लांगभरावरून कळत होतं.

मग चार दिवस घरात फोडणी बंद. कपडे पाइनच्या पाल्याबरोबर पिशवीत, अंघोळ बिनवासाच्या साबणानं, झोप गॅरेजच्या खाटेवर. शनिवारी छोट्या शिंगांचा एक नर मचाणापासून पंधरा पावलांवर आला. मान वर करून त्यानं थेट त्र्यंबकरावांकडे पाहिलं, हवा हुंगली, आणि त्याला काहीच कळलं नाही. तो मान खाली घालून ओकच्या झाडाखालची फळं, एकोर्न, खाऊ लागला. त्र्यंबकरावांनी बाण सोडला.

अर्धा तास ते मचाणावर हुंदके देत बसले. पोरासारखे रडले म्हणा ना. हरीण साठ पावलांवर पडलं होतं. डेनिसनं सोलून, कापून दिलं, शिकारीची सरकारी नोंदणी करवून घेतली, आणि पाठीवर हात ठेवून म्हणाला, "छान, स्वच्छ नेम." त्र्यंबकरावांना त्या 'स्वच्छ' शब्दाची किळस आली.

गॅरेजमधल्या शेगडीवर त्यांनी मांस शिजवलं, हाडं नीट वेचून काढली, लाल भोपळा घातला, डॉक्टरीणबाईंनी दिलेली पावडर मोजून मिसळली. मांस निवल्यावर रत्नाताईंनी दार उघडून खंडूला आत सोडलं आणि स्वतः उंबऱ्यावर थांबल्या.

खंडू भांड्याकडे आला. त्र्यंबकरावांच्या हाताशी नाक नेलं आणि गुरगुरला. मानेवरचे केस उभे राहिले. तेरा वर्षांत तो या माणसावर कधी गुरगुरला नव्हता.

"खंडू, अरे मी आहे! मी!" त्र्यंबकराव ओरडले. खंडू मागे सरकत भिंतीला टेकला आणि थरथरू लागला.

रत्नाताई आत गेल्या. दोन मिनिटांत परतल्या त्या त्र्यंबकरावांचं जुनं स्वेटर घेऊन, ओट्याशेजारच्या खुंटीवरचं. उंबरा ओलांडून, रक्ताच्या डागांवरून चालत त्या आल्या आणि ते नवऱ्याच्या खांद्यांवर घातलं. "बसा खाली," त्या म्हणाल्या.

ते फरशीवर बसले. खंडूनं लांबून हुंगलं, मग जवळ येऊन बाहीत नाक खुपसलं. शेपटी हलली. मग तो भांड्यात तोंड घालून खाऊ लागला.

"त्या हरणालाही हा वास आला असता ना," त्र्यंबकराव म्हणाले, "तर पळाला असता गं. वाचला असता."

 रत्नाताईंनी गॅरेजच्या फ्रीझरचं झाकण उचलून पाहिलं. "किती दिवस पुरेल?"

"संक्रांतीपर्यंत."

"आणि मग?"

शिकारीचा सीझन संक्रांतीच्या आधीच, डिसेंबरअखेर संपत होता. खंडू भांडं चाटूनपुसून त्यांच्या मांडीवर डोकं टेकून निजला. बऱ्याच वेळानं त्र्यंबकरावांनी खांद्यावरचं स्वेटर काढलं, नीट घडी घातली आणि बायकोच्या हातात दिलं.

"हे ओट्याजवळच राहू दे," ते म्हणाले. "शनिवारी घरी आल्यावर लागेल."