कोठीचा मेळ

माझे वडील एका मोठ्या दवाखान्यात एकतीस वर्षं स्टोअरकीपर होते. चादरी, साबण, सलाईनच्या बाटल्या, रोग्यांच्या स्वयंपाकाचं धान्य, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. निवृत्त झाले तेव्हा साहेब भाषणात म्हणाले की ह्या माणसाच्या कारकिर्दीत स्टोअरमधली सुईसुद्धा हरवली नाही. टाळ्या झाल्या. वडील मात्र मान खाली घालून बसले होते, कारण एक सुई हरवली होती, आणि कोणत्या साली तेही त्यांना पाठ होतं.

मी त्यांची एकुलती एक मुलगी. शाळेत गणित शिकवते, आई-वडिलांपासून दोन गल्ल्या सोडून राहते, आणि तोंडानं फटकळ आहे असं सगळ्यांचं मत आहे. ते खोटं नाही. पण ह्या एका बाबतीत मी वेळेवर फटकळ झाले नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी सहा वर्षांची असताना आमच्याकडे येणारा एकमेव पूल वाहून गेला आणि नऊ दिवस एकही ट्रक आत आला नाही. दुकानं तिसऱ्या दिवशीच रिकामी झाली. वडिलांच्या ताब्यात तेव्हा धान्यानं भरलेलं स्टोअर होतं, पण ते रोग्यांचं. रोज संध्याकाळी ते रिकाम्या हातानं घरी यायचे आणि आई तांदूळ कमी, पाणी जास्त असं काहीतरी आमच्यापुढे ठेवायची. आठव्या दिवशी मी रडत रडत त्यांच्या खिशात हात घातला, खायला काही आहे का बघायला. खिशात नुसत्या किल्ल्या होत्या. मला ह्यातलं काही आठवत नाही, आईनं सांगितलं. वडिलांच्या मनातून मात्र तो हात कधी गेला नाही.

पूल झाल्यावर त्यांनी स्वयंपाकघरामागच्या अंधाऱ्या खोलीत भंगारातून आणलेले लोखंडी रॅक उभे केले. ती आमची कोठी. घरातल्या सगळ्यांना दीड महिना पुरेल इतकं सामान तिथे कायम असलंच पाहिजे, हा नियम. तांदूळ, कडधान्यं, मीठ, साखर, तेल, दुधाची पावडर, बिस्किटं. खालच्या फळीवर पाण्याचे कॅन, वरच्या फळीवर मेणबत्त्या, काड्यापेट्या, बॅटरीचे सेल, साबण, पट्ट्यांचं पाकीट, दोरी. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी: कधी आणलं, कधीपर्यंत चालेल. नवीन सामान मागे, जुनं पुढे, आणि खायचं ते नेहमी पुढचं. त्यामुळे आमच्या घरात ताजं बिस्किट कुणी कधी खाल्लं नाही. कुरकुरीत बिस्किट मी पहिल्यांदा मैत्रिणीकडे खाल्लं आणि मला वाटलं ते कच्चं राहिलंय. माझ्या नवऱ्याला पहिल्या भेटीत वडिलांनी वय विचारलं तेव्हा मी आईच्या कानात म्हटलं, "बघ, मुदत तपासतायत."

महिन्याच्या पहिल्या रविवारी मोजणी. आई स्टुलावर चढून आकडे सांगायची, वडील खाली खुर्चीवर रजिस्टर घेऊन बसायचे आणि लाल पेन्सिलीनं खुणा करायचे. तासाभरात मेळ बसला की ते पेन्सिल कानामागे खोचून म्हणायचे, "चला, दीड महिना कुणाच्या बापाची भीती नाही." मग दोघं चहा घ्यायची. त्यांच्या संसारातली सगळ्यात सुखाची वेळ कोणती असं कुणी विचारलं तर मी हीच सांगेन. ह्यावर हसायचं असेल तर खुशाल हसा, मीही पुष्कळ हसले आहे.

ते सहासष्ट वर्षांचे असताना एका रविवारी काड्यापेट्यांचा मेळ बसेना. रजिस्टरमध्ये बारा, फळीवर अकरा. त्यांनी चार वेळा मोजलं. जेवले नाहीत. संध्याकाळी आईला म्हणाले, "अगं, माझं डोकं ठीक आहे ना?"

हा प्रश्न साधा नव्हता. त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे काका, विसरण्याच्या आजारानं गेले होते. शेवटी शेवटी ते स्वतःच्या घराला रेल्वे स्टेशन समजायचे आणि दारात पिशवी घेऊन बसून राहायचे. वडिलांना मरणाची भीती कधी वाटली नाही. ह्याची वाटायची. आईनं त्यांचा चेहरा बघितला आणि पटकन म्हणाली, "अहो, मीच घेतली एक. सांगायला विसरले." वडिलांचा जीव भांड्यात पडला. दोघं जेवली.

आईनं पेटी घेतलेली नव्हती. वडिलांनी आकडा चुकीचा लिहिला होता. पुढच्या महिन्यात मीठ चुकलं, त्याच्या पुढच्या महिन्यात साबण. दर वेळी आई तेच सांगायची: मी घेतलं, विसरले. मग तिलाच वाटलं की असं किती दिवस चालणार. तेव्हा तिनं वेगळा उपाय काढला. ते शनिवारी सकाळी बाहेर फिरायला गेले की ती रजिस्टर घेऊन कोठीत शिरायची आणि फळीवरचं सामान रजिस्टरप्रमाणे करून ठेवायची. कमी असेल ते दुकानातून आणायचं, जास्त असेल ते माझ्याकडे पाठवायचं. मला एकदा तेलाच्या सात बाटल्या आल्या. मी फोनवर विचारलं, "तुमच्याकडे काय वाटप चाललंय?" ती म्हणाली, "बाबांनी दिलंय, ठेव की गुपचूप."

मी गणिताची मास्तरीण. सात बाटल्या गुपचूप ठेवणारी नव्हे. पुढच्या शनिवारी न सांगता जाऊन थडकले तर आई स्टुलावर उभी, कपाळावर घाम, एका हातात रजिस्टर. तिनं सगळं सांगितलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "आई, त्यांना डॉक्टरकडे न्यायला पाहिजे. हे काय पोरखेळ लावलेत?"

"रविवारी मेळ बसला की त्यांचा महिना बरा जातो," ती म्हणाली. "डॉक्टर काय सांगणार ते मला माहीत आहे. तुझ्या काकूला सांगितलं तेच. तेवढं ऐकलं की हा माणूस खचेल. थोडे दिवस जाऊ देत."

तिथेच मी तोंड उघडायला हवं होतं. पण मी खाली वाकून तिच्यासाठी स्टूल धरलं. त्या दिवसापासून मीही सामील झाले. एकदा त्यांनी सहा मेणबत्त्यांच्या जागी साठ लिहिलं. मी म्हटलं, ते शून्य खोडून टाकू. आई म्हणाली, रजिस्टरला हात लावायचा नाही, ते त्यांचं आहे. मग आम्ही दोघी तीन दुकानं फिरून चोपन्न मेणबत्त्या घेऊन आलो. तिसऱ्या दुकानदारानं विचारलं, "कसला कार्यक्रम आहे?" आम्ही हसत सुटलो, आणि रस्त्यात मध्येच आई रडायला लागली. दुसऱ्या दिवशी वडिलांनी साठ मोजून खूण केली. "बघ," ते मला म्हणाले, "इकडची काडी तिकडे नाही." मी शाबासकी दिली. एवढं करूनही एखादी वस्तू निसटायचीच. मग आईचं ठरलेलं उत्तर, मी घेतली, विसरले. त्यावर ते कधी रागावले नाहीत. त्यांच्यासारखा माणूस नुसता मान डोलावून पुढे जातो ह्याचं मला नवल वाटायला हवं होतं. ज्या माणसानं एका सुईसाठी शिपायाला आठवडाभर सळो की पळो करून सोडलं होतं, तो बायकोच्या विसराळूपणावर ब्र काढत नव्हता.

अशी तीन वर्षं गेली. एका सकाळी वडील इस्त्रीचा शर्ट घालून जुन्या दवाखान्यात गेले आणि स्टोअरच्या खिडकीशी उभे राहून नर्सांना चादरी वाटायला लागले. आताचा स्टोअरकीपर चांगला माणूस होता, त्यांच्याच हाताखाली शिकलेला. त्यानं त्यांना चहा पाजला आणि मला फोन केला. त्यानंतर मी आईचं काही ऐकलं नाही. फक्त त्यांना न्यायचं कसं, हा प्रश्न होता. आई म्हणाली, "माझं डोकं जड असतं, सोबत चला, असं सांगते." मला वाटलं ते कुरकुर करतील. ते लगेच उठून चपला घालायला लागले. "बरं झालं तूच बोललीस," ते तिला म्हणाले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत होत्या. आम्ही आत बसलो आणि त्यांनी वडिलांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "काका, आज तारीख काय?"

"मला नका विचारू, पेशंट ही आहे," वडील म्हणाले. मग त्यांनी आतल्या खिशातून घडी केलेले कागद काढले, आणि आईकडे पाठ येईल असे वळून हळू आवाजात बोलायला लागले. "तीन वर्षं झाली. हिला विसरायला होतं. वस्तू घेते आणि सांगायचं राहून जातं. मी सगळं लिहून ठेवलंय. घरात कुणाला बोललो नाही. मुलगी जरा तापट आहे, ती हिला टाकून बोलेल."

डॉक्टरीणबाईंनी कागद टेबलावर पसरले. वडिलांच्या अक्षरात तारीखवार नोंदी होत्या. काड्यापेटी एक, घेतली, सांगायला विसरली. मीठ दोन पुडे, विसरली. साबण तीन, विसरली, ओशाळली, विषय बदलला. आईनं आजवर मारलेली प्रत्येक थाप तिथे लिहिलेली होती. पहिलं पान छापल्यासारखं होतं. दुसऱ्या पानावर ओळी तिरप्या झाल्या होत्या. तिसऱ्यावर एकच तारीख पाच वेळा होती आणि शेवटी नुसतंच, विसरली, विसरली. डॉक्टरीणबाईंना दुसरी तपासणी करायची फारशी गरज उरली नाही. त्यांनी आई-वडिलांना बाहेर बसायला सांगितलं आणि मला म्हणाल्या, "ह्यावरच्या गोळ्यांनी बरं होत नाही, पण सुरुवातीला दिल्या तर थोडा चांगला काळ जास्त मिळतो. हे पहिल्या पानाच्या वेळी आले असते तर..." त्यांनी कागदांची पुन्हा घडी घातली. दार नीट लागलेलं नव्हतं, आणि आई दाराशीच बसली होती.

वडील औषधांच्या खिडकीशी गेले तेव्हा ती मला म्हणाली, "मीच केलं हे. दर महिन्याला. स्वतःच्या हातानं."

"मीही होते," मी म्हटलं. त्यानं तिला काही बरं वाटलं नाही. मलाही नाही.

रिक्षात मी तिच्या कानात सांगितलं की आता तरी त्यांना खरं सांगू, लपवाछपवी पुरे झाली. तिनं मान हलवली. "नको. त्यांना वाटतंय ना मलाच झालंय, तर वाटू देत. आजारी माणसाला भीती वाटते गं. सांभाळणाऱ्याला तेवढा वेळ नसतो." मी तिच्याशी आयुष्यभर भांडत आले, त्या दिवशी भांडले नाही.

त्यानंतर दीड वर्ष वडिलांनी आईला सांभाळलं. रोज सकाळी ते दोन गोळ्या काढायचे. एक तिच्या हातावर ठेवायचे आणि ती म्हणायची, "एकटीनं नाही घेणार, तुम्हीही घ्या." मग तेही घ्यायचे. तिची गोळी साधी ताकदीची होती. ती चहाला साखर घालायला विसरल्याचं सोंग करायची, ते उठून घालायचे. कधी दोनदा, कधी तीनदा. ती तो चहा तसाच प्यायची. मोजणी हळूहळू बंद पडली. ते रजिस्टर उलटं धरून बसायला लागले तेव्हा आईनं स्टुलावर चढणं थांबवलं. कोठीतलं सामान आम्ही संपवत आणलं, नवीन भरलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही.

मागच्या महिन्यात मी दुपारी गेले तेव्हा आई त्यांना भरवत होती. मऊ भात, त्यात थोडं दूध. चव्वेचाळीस वर्षं तिला हा माणूस 'अगं' म्हणून हाक मारत आला. त्या दुपारी त्यांनी तिचा चमचा हातानं थांबवला, तिच्याकडे नीट बघितलं, आणि म्हणाले, "बाई, तुम्ही नवीन आलात का कामाला?"

आईनं माझ्याकडे बघितलं नाही. "हो," ती म्हणाली.

"एक सांगून ठेवतो. आमच्या घरी ही आहे ना, तिला हल्ली काही लक्षात राहत नाही. एखादी वस्तू मिळाली नाही तर तिला विचारू नका. आणि ओरडू तर अजिबात नका. घाबरते ती."

"नाही ओरडणार."

"मी सांगितलं म्हणून तिला कळू देऊ नका. मनाला लावून घेईल."

"नाही कळू देणार," आई म्हणाली, आणि तिनं पुढचा चमचा भरला.