रिमोट कोणी सोडला?

आम्हा बहीणभावांत एक भांडण लहानपणापासून चालू आहे. दादा मला म्हणतो, रिमोट तू सोडला. मी म्हणते, तूच सोडला. मी आता शाळेत गणित शिकवते, रोज पोरांची भांडणं मिटवते, केसही पांढरे व्हायला लागलेत, पण या एका बाबतीत मी तसूभरही मागे सरकलेली नाही.

रिमोट म्हणजे टीव्ही गेमचा. सेलूला आमच्या घरी मामानं नागपूरहून तो गेम आणून दिला होता. डब्यात कॅसेट खुपसायची, चित्र नाही आलं तर काढून फुंकर मारायची, पुन्हा खुपसायची. सोबत दोन रिमोट होते. पहिल्याच उन्हाळ्यात त्यातला एक कूलरच्या पाण्यात पडला आणि गेला. उरलेला एक आळीपाळीनं घ्या, असं आईनं सांगितलं. पण आळीपाळी ना त्याच्या स्वभावात, ना माझ्या. शेवटी आम्ही एकच रिमोट दोघं मिळून धरायला लागलो. दादा डावीकडे बसायचा, त्याच्या डाव्या अंगठ्याखाली चालण्या-पळण्याची बटणं. मी उजवीकडे, माझ्या उजव्या अंगठ्याखाली उडी आणि गोळी. म्हणजे पडद्यावरचा तो एक शिपाई दादाच्या पायांनी पळायचा आणि माझ्या जिवावर उड्या मारायचा.

बोलायची गरज नसायची. खड्डा आला की दादा खांद्यानं माझ्या खांद्याला किंचित ढकलायचा आणि मी उडी दाबायची. गल्लीतली पोट्टी हसायची. एकट्यानं खेळणाऱ्या त्या शहाण्यांपैकी कोणी चौथ्या पातळीच्या पुढं गेलं नाही, हे मात्र मी इथं सांगून टाकते.

खेळ महाबेकार अवघड होता. तीन जीव मिळायचे, ते गेले की पुन्हा पहिल्यापासून. मधे कुठं थांबवून ठेवायची सोय नाही. लाइट गेली तरी पहिल्यापासून. अशा खेळाच्या शेवटी एक वेगळी धून वाजते, असं मामाच्या मुलानं सांगितलं होतं. त्यानंही ती ऐकलेली नव्हती, पण आम्हाला तेवढं पुरलं. आम्ही त्या धुनीसाठी खेळायला लागलो. दादाला वाटायचं, ती वरातीच्या बँडसारखी असणार. मला वाटायचं, ती दुःखी असणार, कारण शिपायाचं काम संपलं की तो जाणार कुठं.

आणि एका दिवाळीच्या सुटीत आम्ही शेवटचा राक्षस मारला. पडदा पांढरा झाला, धून सुरू झाली, चारदोन सूर कानावर पडले आणि आम्ही दोघंही आनंदानं हात वर करून उठलो. दोघंही. रिमोट दुसऱ्यानं धरलाय, असं दोघांनाही वाटलं. रिमोट खाली पडला, त्याच्या वायरनं टीव्हीवरचा डबा ओढला, डबा फरशीवर आला, चित्र गोठलं आणि एकच सूर टूंऽऽ करत अडकून बसला. आईनं येऊन बटण बंद केलं तेव्हा आम्ही एकमेकांच्या झिंज्या धरलेल्या होत्या.

"तू काऊन सोडला?"

"तूच सोडला."

त्यानंतर आम्ही तिथवर पुन्हा कधी पोचलो नाही. दहावी आली, माझं लग्न झालं, मी वर्ध्याला सिंदी मेघेत आले. दादानं सेलूतच पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान टाकलं. जळलेल्या पंपाची तार काढून नवी तार गुंडाळायची, हे त्याचं काम. उजव्या हातानं फिरवायचं आणि डाव्या हाताच्या चिमटीत तार ताणून धरायची. तो ताण बिघडला तर मोटार पुन्हा जळणार. दुरुस्त मोटार सुरळीत फिरली की दादा शिट्टी वाजवायचा, तेच चारदोन सूर, आणि तिथंच थांबायचा. पुढचं त्याला ठाऊक नव्हतं. वहिनी लग्न होऊन आली तेव्हापासून ती अर्धी शिट्टी ऐकत आली आहे.

आता कोणत्याही जुन्या खेळाची शेवटची धून मोबाइलवर क्षणात सापडते. मी एकदा दादाला तसं म्हणाले, तर तो भडकला. "पोचल्याशिवाय नाई ऐकायची. तू आयकशीन तर माह्याशी बोलू नको." मी ऐकली नाही. त्याच्या धाकानं नाही हो, मलाही तसंच वाटत होतं.

मागच्या वर्षी दादाला लकवा मारला. जीव वाचला, पाय हळूहळू चालता झाला, वाकडं झालेलं तोंडही बरंचसं सरळ आलं. डावा हात मात्र मांडीवर नुसता पडून राहायचा. त्यात चहाचा कप दिला की निसटायचा. एकदा पाहुण्यांसमोर कप फुटला, तेव्हापासून त्यानं चारचौघांत चहा घेणंच बंद केलं, घरात वहिनी न फुटणाऱ्या स्टीलच्या पेल्यात द्यायची. दुकानाचं शटर खाली. व्यायाम शिकवायला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी स्पंजचा चेंडू दिला होता, कपड्यांचे चिमटे दिले होते. "हे पोट्ट्याईचे खेळ आहेत," म्हणून दादानं चेंडू पलंगाखाली ढकलला. बाई स्पष्ट बोलल्या, हात वापरला नाही तर तो असाच राहील, आणि वापरायचे दिवस हेच आहेत. वहिनीनं हे मला फोनवर सांगितलं आणि रडली.

रविवारी मी एसटीनं सेलूला गेले, गोरसपाक बिस्किटांचा पुडा हातात आणि डोक्यात संताप. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. मला काही सुचेना. मी मोबाइल काढला आणि म्हटलं, "दादा, ती धून लावू का? ऐक एकदा."

त्यानं वळूनही पाहिलं नाही. "लाव," म्हणाला. "आता कोण पोचून राह्यलं तिथं."

इतकी वर्षं नाही म्हणणारा माणूस हो म्हणाला, याचा अर्थ त्यानं हात टेकले होते. मी मोबाइल पर्समध्ये टाकला आणि माळ्यावर चढले. वहिनी खालून विचारत राहिली, "काय शोधून राह्यल्या ताई?" मी जुनी खोकी उपसत राहिले.

डबा सापडला. वायरी उंदरांनी कुरतडलेल्या होत्या. दादानं एका हातानं आणि पुष्कळ शिव्या घालत, माझ्याकडून त्या जोडून घेतल्या. कॅसेटला फुंकर मीच मारली. नव्या चपट्या टीव्हीवर ते चित्र आलं तेव्हा दादा उठून बसला.

"तू चालव," तो म्हणाला, "मी उजव्या हातानं उडवतो." आम्ही जागा बदलून पाहिलं. शिपाई पहिल्याच खड्ड्यात गेला. पुन्हा गेला. मला चालवता येईना, त्याला उडवता येईना. आमचे अंगठे आपापलंच अर्धं काम शिकलेले होते. दादा हसला, आजारपणानंतर पहिल्यांदा. मग पुन्हा आपापल्या जागी बसलो, तेव्हा हळूच त्यानं उजवा हात डावीकडच्या बटणांवर नेला.

"चोट्टेपणा नको करू," मी म्हटलं. "उजवा हात मांडीखाली दाब. डाव्यानं खेळायचं."

"दुखते व."

"दुखू दे."

डॉक्टरीणबाईंना हे कळलं तेव्हा मला वाटलं, रागावतील. त्या म्हणाल्या, आम्हीही कधीकधी चांगला हात बांधून ठेवायला सांगतो, फक्त तुमच्यासारखं रागावत नाही. थकला की थांबायचं, एवढी एक अट त्यांनी घातली.

मग दर रविवारी मी सेलूला जायला लागले. सुरुवातीला अंगठा बटणावरून घसरायचा, शिपाई जागच्या जागी उभा राहून गोळ्या खायचा. मी चिडायचे, दादा माझ्याहून जास्त चिडायचा. त्यानं एकदा रिमोट फेकायचा प्रयत्न केला, पण डाव्या हातानं तेही जमेना, त्यावर दोघं पोट धरून हसलो. आठवडाभर तो एकटा सराव करायचा. चेंडूही पलंगाखालून बाहेर आला, त्याचं श्रेय कोणी कोणाला दिलं नाही. कपाशीची वेचणी सुरू झाली तोवर आम्ही तिसऱ्या पातळीला होतो. आणि एका रविवारी मला खांद्यावर तो जुना धक्का जाणवला. मी विचार न करता उडी दाबली. खड्डा मागे पडला. माझे डोळे भरून आले, त्यामुळे पुढच्याच खड्ड्यात आम्ही मेलो आणि दादानं मला यथेच्छ झापलं.

शेवटच्या राक्षसापर्यंत पोचलो ती दुपारची वेळ होती. एकच जीव उरलेला. दादाच्या कपाळावर घाम, अंगठा थरथरतोय, पण घसरत नाही. मी गोळ्या सोडत राहिले. राक्षस कोसळला. पडदा पांढरा झाला आणि ते चारदोन सूर वाजले.

या वेळी कोणीही उठलं नाही. श्वास घ्यायचीही भीती वाटत होती.

आणि धून पुढं गेली. ती बँडसारखी नव्हती आणि दुःखीही नव्हती. संथ होती. तेच सूर पुन्हा यायचे, दरवेळी जरा वर चढायचे, दिवसभराचं काम उरकून माणूस घराकडे निघावा तशी तिची चाल होती. ही धून कोणी बांधली असेल, देव जाणे. एवढ्या अवघड खेळाच्या शेवटी फार थोडी माणसं पोचणार, हे त्याला माहीत असणारच. तरी त्यानं हात राखून काम केलं नव्हतं.

स्वयंपाकघरातून वहिनी पिठाच्या हातानं दारात आली. "हे त्या शिट्टीच्या पुढचं आहे का?" तिनं विचारलं आणि उत्तर मिळायच्या आधीच उंबऱ्यावर बसून ऐकायला लागली.

दादानं डोळे मिटले होते. मी त्याच्या हाताकडे पाहिलं. मग माझी बोटं एकेक करून रिमोटवरून काढली आणि हात मांडीवर घेतला.

रिमोट पडला नाही. दादाच्या डाव्या हातात, नुसत्या डाव्या हातात, तो तसाच राहिला. दादाला पत्ता नव्हता. धून संपली, पडदा काळा झाला, त्यानं डोळे उघडले, आधी माझ्या रिकाम्या हाताकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या हाताकडे.

"तूच सोडला," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं. "या वेळी मीच सोडला."

वहिनी उठली आणि चहा टाकायला आत गेली. दादानं तिला हाक मारून सांगितलं, "मले कपात देजो."