सपाटीवरची चढण

सरकीचा वास कोमट असतो, तेलकट आणि किंचित गोडसर. गेल्या हिवाळ्यात भल्या सकाळी कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग गिरणीच्या फाटकातून तो बाहेर येई आणि माझ्या धापांमध्ये मिसळून जाई. आजही कुठे सरकीचे पोते उघडले की माझ्या मांड्या आधी ताठरतात. आठवण मागाहून येते.

माझी थोरली बहीण धुळ्याला राहते. तिच्या गच्चीवरून लळिंग किल्ल्याचा डोंगर दिसतो. आजारपणाआधी ती त्यावर धावत चढत असे, धावतच उतरत असे. मग छातीची शस्त्रक्रिया झाली, औषधांनी केस नेले. केस पुन्हा बोटभर उगवले तेव्हा तिचा फोन आला. "पुढची तपासणी संक्रांतीनंतर आहे. त्याआधी एकदा लळिंग करून यायचंय. डॉक्टर हो म्हणालेत. तू येशील?"

भाऊजींनी वेगळा फोन केला. "ती ऐकायची नाही. तू फक्त तिच्याजवळ राहा. तोल गेलाच, तर धरायला कुणीतरी हवं."

धरायला. तो शब्द उराशी घेऊन मी जळगावात चढ शोधू लागले.

इथे जमीन पाण्यासारखी पसरलेली. असोद्याच्या वाटेवर केळीच्या बागा एकाच उंचीवर थांबतात आणि त्यांच्या पानांवरून नजर थेट आभाळापर्यंत जाते, कुठेच न अडखळता. मला अडखळायचे होते. म्हणून रेल्वेवरचा पूल धरला; दम लागेतो वर पळायचे आणि चालत परतायचे. मग आमच्या इमारतीचा जिना. वर धावत, खाली लिफ्टने. उतरणे मी विश्रांतीत जमा करत होते. सपाटीवर वाढलेल्या पायांना डोंगर म्हणजे फक्त वर जाणे वाटते.

शेजारच्या भाभींची जिनिंग होती. काम सुरू होण्याआधी तिथल्या कापसाच्या ढिगावर चढण्याची परवानगी मी मागून घेतली. पाऊल गुडघ्यापर्यंत रुते, उपसावे तर दुसरे रुते. पांढऱ्या मऊपणाशी ती झुंज थकवणारी होती. माथ्यावर पोचले की मात्र बसायचे आणि लहान मुलीसारखे घसरत खाली यायचे. धरणगावकडून कामाला येणारी एक बाई फाटकाशी चहा पिता पिता अहिराणीत ओरडे, "ओ ताई, हाऊ काय डोंगर शे का? बठ्ठा कापूस शे!" भाभी हसून म्हणत, "चढा हो, चढा. पण तुमच्या अंगाला चिकटून उशीभर माल गेला आमचा."

अक्काला फोनवर हे सारे सांगितले. "आणि उतरतेस कशी?" तिने विचारले.

"लिफ्टने."

"मग लळिंगला कळवून ठेवते, एक लिफ्ट बसवून घे म्हणावं." हसता हसता तिला खोकला आला. तो थांबेपर्यंत मी फोन कानाशी गच्च धरून उभी होते.

ठरल्या दिवशी धुळ्यात बोचरी थंडी होती. पायथ्याशी भाऊजी पाण्याची बाटली घेऊन थांबले आणि आम्ही निघालो. मुरमाची वाट, दुतर्फा सीताफळीची पानगळ झालेली झुडपे. डोंगराकडे मी पाहिलेच नाही. तिच्या श्वासाकडे कान लावून चढत होते. तो मध्येच तुटे, तेव्हा माझाही थांबे. पण माझे पाय शहाण्यासारखे चालले. वर किल्ल्याच्या दगडांवर तळवा टेकवून ती डोळे मिटून उभी राहिली. खालच्या महामार्गावरून ट्रकचा क्षीण गुरगुराट येत होता. मला वाटले, भीतीचा भाग सरला.

उताराच्या पहिल्याच वळणांवर मांड्या थरथरू लागल्या. गुडघ्यांना शरीर थोपवणे कुणी शिकवलेच नव्हते. अक्का पुढे होती, पावले आडवी टाकत, छोटी छोटी. मी तिला गाठायला घाई केली आणि मुरूम पायांखालून निसटला. तळवे सोलवटून मी खाली बसले, उठता येईना. ज्या उतारावर तिला धरायचे, त्यावर मीच कोसळले होते.

ती वळली. उतरलेली वाट पुन्हा चढून माझ्यापाशी आली. तिचा श्वास आता शिट्टीसारखा वाजत होता. तिने मला काखेत हात घालून उभे केले. वाट अरुंद, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. दरीच्या अंगाला तिला जाऊ देणे शक्य नव्हते, म्हणून त्या अंगाला मी राहिले. आता माझ्याजवळ होता तो तिचा डावा खांदा, शस्त्रक्रियेच्या बाजूचा, ज्या हातावर भार घेऊ नका असे डॉक्टरांनी बजावले होते.

"अक्का, त्या बाजूला नको."

खाली भाऊजींनी आम्हाला पाहिले होते. ते वाटेकडे धावू लागले होते. तिने त्यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. स्वेटरखालून गळ्याखालचे हाड वर आलेले दिसत होते. ती आणखी जवळ सरकली, खांदा माझ्या हाताखाली आणला आणि म्हणाली, "टेक."