हँडल काखेत धरणारा मिस्त्री

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षरही वेडंवाकडं, त्याची माफी असावी. शाळा चौथीतच सुटली.

राज्यांची वाटणी होऊन नागपूर तिकडे गेलं आणि आमचं सौंसर गाव मध्यप्रदेशात राहिलं, तेव्हा नागपूरला निघालेल्या एका साहेबांची जुनी मोटार ह्यांनी घेतली. कापसाच्या कामासाठी घाटातून छिंदवाड्याला जायचं होतं. मी चाकांना हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. रस्त्याने जाणारा एक मिस्त्री पाहत उभा राहिला.

"पूजा झाली भाऊ, पण ब्रेक पाह्यले का?"

"चांगली चालून राहिली ना," हे म्हणाले.

"चालन्याचं नाही, थांबन्याचं विचारून राहिलो. गाडी तुमच्यासाठी नवी, पण लय थकून आली."

त्याने गाडी सुरू करायचं हँडलच काखेत धरलं आणि काम होईपर्यंत सोडलं नाही. ब्रेक नीट केले, काळं तेल बदललं, पंख्याचा पट्टा नवा घातला. गाडी घेण्यात आमचे पैसे संपले होते. "दर महिन्याले थोडे थोडे द्या," म्हणाला.

घाटात जायचं नसेल त्या दिवशी गाडी दारात असे, पण हे दिवसभर बाहेर असत. घरात मी एकटीच. तो महिन्याचा हप्ता घ्यायला आला की आधी गाडीचं तेलपाणी बघायचा. मी ओट्यावर पैसे ठेवायची. ते उचलताना खाली मान घालून म्हणायचा, "वहिनी, भाऊ सुखरूप येतात ना? अन् तुमची तब्येत?" मला असं दुसरं कोणी विचारत नसे.

एकदा मी हप्ता पदराला बांधून, चहाचं आधण ठेवून बसले होते. तेवढ्यात हे बाजारातून आनंदाने आले. म्हणाले, "मिस्त्रीचे सगळे पैसे एकदम देऊन आलो."