रावजीनं तोंड काहून बांधलं होतं

"मॅडम, मास्क कुठाय?"

निखिलनं माझं चित्र हातात घेऊन मागची बाजूही बघितली. मास्क तिकडे राहिला असेल अशी त्याला आशा असावी. निखिल नागपुरातल्या आमच्या ॲनिमेशन स्टुडिओचा मालक. मी तिथे कॅरेक्टर डिझायनर. म्हणजे लेखक लिहितो की हा माणूस शूर आहे. त्याचं नाक केवढं, धोतर कुठवर, उभा राहतो कसा, हे सगळं मी ठरवते. केस पांढरे झाले तरी मुलांसाठी चित्रं काढते, म्हणून नातेवाईक मला अजून नोकरी लागायची आहे असं समजतात.

"याला मास्क नको," मी म्हटलं.

"काहून?"

"तुमच्याच स्क्रिप्टमध्ये लिहिलंय, अख्खं गाव त्याला भाकर देतं, पोलीस आले की लपवतं. ज्याला गाव जेवू घालतं, तो गावात तोंड झाकून कशाला फिरेल?"

"पोलिसांनी ओळखू नये म्हणून."

"पोलिसांनी त्याच्या नावानं बक्षीस लावलं होतं. हेही तुमच्याच स्क्रिप्टमध्ये आहे."

निखिलनं डोकं खाजवलं. "यार मॅडम, तुम्ही लॉजिक कायले शोधून राहिले? क्लायंटला मास्क पाहिजे म्हणजे पाहिजे."

हा रावजी उमरेडकडच्या जंगलातला दरोडेखोर. खराखुरा माणूस होता. त्याच्यावर गाणी आहेत: सावकाराला लुटलं, गरिबाला वाटलं, शेवटी भिवा नावाच्या खबऱ्यानं दगा दिला आणि पोलिसांनी त्याला गोळी घातली. क्लायंटला त्याची मालिका करायची होती, 'सत्य घटनेवर आधारित' अशी पाटी लावून.

आमच्या धंद्यात असा हिरो तयार करायची पाककृती ठरलेली आहे. जगात बहुतेक ठिकाणी ती सारखीच. कुठलातरी वाटमारी करणारा माणूस मारला जातो. तो मेला की लोकांची भीती जाते आणि गाणी सुरू होतात. दोन पिढ्यांनी त्याचा घोडा पांढरा होतो. आणखी एका पिढीनं त्याला मास्क मिळतो, दिवसा भोळा आणि रात्री शूर असं दुहेरी आयुष्य मिळतं, आणि त्यानं मारलेल्या माणसांची नावं गळून पडतात. मास्कचे फायदे सरळ आहेत. नुसती काळी सावली दाखवली तरी पोरं ओळखतात. ॲनिमेटरला पात्राचं तोंड हलवावं लागत नाही. आणि प्लास्टिकचे मुखवटे दुकानात विकता येतात. शेवटचं कारण पहिलं असतं, ते मीटिंगमध्ये शेवटी सांगतात.

मग मास्क का घातला याची गोष्ट रचायची. तिला ओरिजिन स्टोरी म्हणतात. आमच्या लेखकानं रचली होती ती अशी: विणकर भिवा इंग्रजांना खबर देतो, इंग्रज रावजीचं घर जाळतात, रावजी जळक्या घरातला दुपट्टा तोंडाला बांधतो आणि शपथ घेतो. यातले इंग्रज तर शुद्ध थाप होती. रावजीच्या काळात इंग्रज केव्हाच घरी गेले होते. पण आपल्याच पोलिसांना चकवणारा हिरो क्लायंटला परवडत नव्हता.

दुपट्टा मात्र खरा निघाला. रावजीच्या नातवाकडून निखिलनं परवानगीची सही घेतली होती, आणि तो नातूच अभिमानानं म्हणाला होता, "आमचे आजोबा तोंडाले दुपट्टा बांधूनच निघत." म्हणजे माझाच मुद्दा पडला. पण प्रश्न तसाच राहिला. कुणापासून तोंड लपवत होता हा?

भिवाच्या घराचं चित्र काढण्यासाठी मला हातमाग बघायचा होता, म्हणून मी उमरेडला गेले. एका म्हाताऱ्या विणकरानं माग दाखवला. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसायचं, समोर सूत ताणलेलं. मी सरळ आत निघाले तर त्यानं हात आडवा घातला.

"चप्पल बाहेर, बाई. मागाच्या खोलीत चप्पल चालत नाही. आमची लक्ष्मी आहे ते."

मी चप्पल काढली. कशासाठी आले ते सांगितलं. रावजीचं नाव काढल्यावर तो हसला, पण भिवाचं नाव काढल्यावर त्याचं हसू गेलं.

"तुमी ज्याले खबऱ्या म्हणून राहिले, त्याची पोरगी जिती आहे. नागपुरातच राहते, हुडकेश्वरले. तिले इचारलं काय कोनी?"

कुणी विचारलं नव्हतं. रावजीच्या नातवाला पेढे देऊन फोटो काढले होते. ज्याला आम्ही नावानिशी गद्दार दाखवणार होतो, त्याच्या घरचं कुणी असेल हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. माझ्याही नाही.

भिवाची ती मुलगी म्हणजे शांताबाई. त्या मुलाकडे राहतात. मुलगा बुटीबोरीच्या कारखान्यात जातो. दार त्यांनीच उघडलं. बारीक चणीच्या, पण आवाज खणखणीत. मी स्टुडिओतून आले आणि रावजीवर सिनेमासारखं काहीतरी करतोय म्हटल्यावर त्यांनी मला बस म्हटलं नाही.

"अन् माह्या बापाले काय बनवलं?"

मी खोटं बोलू शकले असते. "खबऱ्या," मी म्हटलं.

त्या दारातच बोलायला लागल्या.

"तोंड काहून बांधलं होतं त्यानं, माहीत आहे काय तुले? आमी ओळखलं असतं म्हणून. सावकाराकडे बंदूक होती वं बाई. तिकडे कायले जाते तो? आमच्याकडे काय, मागाचा धोटा. आमालेच लुटे तो. बजाराच्या आदल्या दिवशी ये, लुगडी तयार राहत तवा. अख्ख्या घराची मेहनत उचलून ने. आमच्याच जातीचा, आमच्याच गावचा. मंग तोंड नाही बांधन तं काय करन?"

मी उभीच होते. बघणाऱ्याला वाटलं असतं भांडण चाललंय.

"त्या दिवशी मी मागाजवळच होती. हा आला. तोंड बांधलेलं, हातात कुऱ्हाड. अन् दाराशी येऊन यानं काय केलं? चप्पल काढली. दरोडा घालाले आला, अन् चप्पल काढून आत आला! सवयच पडली नं. लहानपनापासून मायनं शिकवलेलं. बाबानं पायलं अन् म्हने, 'चप्पल काढली म्हंजे तू आमचाच आहे. सोड ते फडकं, रावज्या.'"

"मग?"

"मंग काय. नाव घेतलं नं बाबानं. त्यानं बाबाचा उजवा हात मागाच्या लाकडावर ठेवला अन् कुऱ्हाडीच्या दांड्यानं ठेचला. माह्यासमोर. मंग लुगडी घेतली, चप्पल घातली, गेला."

त्यांचा बाप दुसऱ्या दिवशी ठाण्यात गेला आणि सगळ्यांना माहीत असलेलं नाव सांगितलं. बाकीचे विणकर भीतीपोटी ठाण्यात गेलेच नाहीत. त्याचा माग तेव्हाच बंद पडला. पुढे रावजी मारला गेला आणि गाणं आलं. गाण्यात भिवा गद्दार. शांताबाईंचं लग्न दोनदा मोडलं. लुटले गेलेलेच पुढे लग्नात ते गाणं म्हणू लागले, कारण 'आम्ही घाबरलो' यापेक्षा 'तो आमचा वाघ होता' हे म्हणायला बरं वाटतं. शेवटी हे घर नागपूरला आलं आणि भिवा विणकर एका हातानं पोती शिवत मेला.

"मी त्याचं नाव काढून टाकायला सांगते," मी म्हटलं.

त्या एकदम भडकल्या. "नाव काहून काढता? नाव राहू द्या! भिवा विणकर. माहा बाप चोर होता काय नाव लपवाले? हात ठेचला ते दाखवा. खबऱ्या म्हनू नका, बस. मी मरायच्या आधी एकडाव कोनी खरं सांगा."

मी हो म्हटलं. तिथून निघाले तेव्हा कान तापले होते, आणि ऊन हे त्याचं कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी निखिलला सगळं सांगितलं. रागानं सांगितलं, पण नीट सांगितलं, एकेक गोष्ट. तो डोळे मोठे करून ऐकत होता. मला वाटलं, पटतंय.

"थांबा थांबा," तो म्हणाला. "तो चप्पल काढून आत येतो?"

"हो. त्यावरूनच तर..."

"क्या बात है, मॅडम! काय डिटेल आणली तुम्ही! गरिबाच्या घरात हिरो चप्पल काढून जातो. स्लो मोशन. पायाचा क्लोजअप. रोंगटे खडे होतात नं!"

मला काही क्षण कळलंच नाही हा काय बोलतोय. कळलं तेव्हा मी उठून उभी राहिले.

"निखिल, त्यानं चप्पल काढून त्या माणसाचा हात ठेचला."

"ते आपल्याला कायले दाखवायचं? लहान पोरं पाहणार आहेत."

"घर जाळलेलं पोरं पाहतात. ते चालतं?"

"ते इंग्रज जाळतात."

त्यानंतर मी जे बोलले ते छापण्यासारखं नाही. बाहेर बसलेल्या पोरांनी हेडफोन काढून ऐकलं, हे मला नंतर कळलं. शेवटी एवढंच म्हटलं की भिवाची मुलगी जिवंत आहे, तिची हरकत आहे, आणि हे मी क्लायंटला लिहून कळवणार आहे. कळवलंही. निखिलनं आठवडाभर माझ्याशी गुडमॉर्निंग बंद ठेवली.

क्लायंटच्या वकिलाचा फोन आला. फार गोड माणूस. त्याला हात, कुऱ्हाड, चप्पल, काही ऐकायचं नव्हतं. एकच विचारलं, "मुलगी कोर्टात जाऊ शकते का?" मी म्हटलं, जाऊ शकते. खरं म्हणजे शांताबाई जिनासुद्धा कष्टानं उतरायच्या. पण मी म्हटलं.

त्याच आठवड्यात नवी स्क्रिप्ट आली. भिवा गेला. कटात आता एक गोरा साहेब होता. विणकर एकही नव्हता, त्यामुळे मागही नव्हता. चप्पल मात्र राहिली. रावजी एका म्हातारीच्या झोपडीत चप्पल काढून जातो आणि तिला मोहरा देतो. निखिलनं स्वतः येऊन मला सांगितलं, "झालं नं तुमच्या मनासारखं? नाव काढलं."

मी रावजीचं चित्र काढायला नकार दिला. क्रेडिटमध्ये माझं नाव नको, हेही सांगितलं. मास्क दुसऱ्या आर्टिस्टनं काढला. चांगला काढलाय, खोटं कशाला बोलू. डोळ्यांत दया दिसते.

शांताबाईंना मी फोन केला. सांगणं भाग होतं.

"तुमच्या वडलांना आता कुणी खबऱ्या म्हणणार नाही," मी म्हटलं. "ते पात्रच काढून टाकलं."

"म्हंजे बाबा हायेच नाही त्याच्यात?"

"नाही."

"अन् हात?"

"तोही नाही."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"मंग तं बाई," त्या म्हणाल्या, "आतापावेतो निदान गाण्यात तरी माहा बाप होता. कोनी पोरगं इचारे, भिवा कोन, तं मी सांगत जाय. आता कोनी इचारनच नाही."



मालिका चालली. दुसरा सीझन येतोय. मी स्टुडिओ सोडला आणि आता घरून कामं घेते. कुणी मास्कवाला शूर पुरुष घेऊन आलं की मी पेन्सिल हातात घ्यायच्या आधी विचारते, यानं लुटलं कुणाला, आणि त्यांच्या घरी तुमचं कुणी जाऊन आलंय का? बहुतेक जण म्हणतात, मॅडम, तुम्ही फक्त चित्र काढा. मग मी त्यांना दार दाखवते.