वाढत्या ऑइलचा पंचनामा

नोकरीत मी दरोडे पाहिले, खून पाहिले, एकदा तर चोरीला गेलेला उंट माहूरच्या पायथ्यापासून चालवत आणला आणि वाटेत त्याच्याकडून गुन्हा कबूल करून घेतला. पण बॉनेटला लाखेचं सील ठोकलेली ती जुनी मोटार काही केल्या डोळ्यांपुढून हलत नाही. गाव अहमदपूर-मुखेडच्या पट्ट्यातलं. नाव सांगत नाही, माणसांचीही नाही. सगळे सुखात आहेत आणि मलाही पेन्शन सुखाने खायची आहे.

फिर्यादी एक निवृत्त हेडमास्तर. सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे. आवाज असा, की त्यांनी अहमदपुरात हजेरी घेतली तर मुखेडच्या पोरांनी ‘हजर’ म्हणावं. त्यांची पेट्रोलची गाडी पस्तीस वर्षांची, पण तिच्यावर माशी बसली तर घसरून पडायची. एका सकाळी ते ठाण्यात आले आणि माझ्या टेबलावर असा हात आपटला, की लॉकअपमधला आरोपी आपोआप उभा राहिला.

“साहेब, माझ्या इंजिनात कुणीतरी रोज कायतरी ओतून राहिलंय!”

“कशावरून, गुरुजी?”

“जुनी गाडी ऑइल पिते. माझ्या गाडीचं वाढून राहिलंय! इंजिन तापलं की ऑइलचा लाल दिवाबी लुकलुकतो. हे काम मिस्त्रीचं. लिहून घ्या.”

मिस्त्री म्हणजे बसस्टँडमागचा गॅरेजवाला. वीस वर्षं ही गाडी त्यानेच सांभाळली होती. महिन्यापूर्वी त्याने ती विकत मागितली, गुरुजी भडकले आणि दोघांचं बोलणं बंद झालं. मी अर्ज घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली; गुन्हा मात्र चौकशीनंतर पाहू म्हणालो. तासाभरात चहावाला कानाशी लागला, “साहेब, मिस्त्रीला म्या परवा सकाळी गुरुजीच्या गाडीपाशी वाकलेलं पाहिलंय. वाकून काय करू राहिला होता, देव जाणे.”

हेतू मिळाला, साक्षीदार मिळाला. एवढ्यावर कोणताही अधिकारी मनातल्या मनात दोषारोपपत्र लिहायला घेतो. मी तर शेवटच्या पानावर सही करत होतो.

मिस्त्रीला बोलावलं. आमच्या ठाण्यातला पंखा इतका हळू फिरायचा, की त्याची पाती मोजता मोजता भलेभले कबुली द्यायचे. मिस्त्री दोन तास बसला, पण ढिम्म.

“गाडीपाशी वाकला होतास?”

“हाव.”

“कशाला?”

गप्प.

“ऑइलमध्ये काय टाकलंस?”

“कायबी न्हाई.”

“मग वाढतंय कसं?”

पुन्हा गप्प. फक्त एकदा मान वर करून म्हणाला, “साहेब, लोक माझ्या हातात चावी देऊन गावाला जातात. तुम्ही गुन्हा लिहिला तर उद्यापासून सायकलबी कुणी देणार न्हाई. एवढं बघा.”

हे ऐकून माझा पेन थोडा अडला. म्हटलं, आधी गाडीचा जबाब घेऊ. सरकारी जीप ढकलून ढकलून मला इंजिनाचं इतकं ज्ञान झालं होतं, की मी आवाजावरून गाडीची जन्मतारीख सांगत असे. गाडी सपाट जागी लावली, इंजिन गार होऊ दिलं. ऑइलची पातळी मोजायची काडी काढली, पुसली, परत घालून पाहिली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर बोटभर! पाणी मिसळलं असतं तर ऑइलचा रंग दुधाच्या चहासारखा झाला असता, तसा नव्हता. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला फेस नव्हता, रेडिएटरमधलं पाणीही जागच्या जागी होतं. बोटांत चोळून पाहिलं. वाळू किंवा धातूची कचकच नाही. फक्त ऑइल पातळ झालं होतं, मेसमधल्या वरणासारखं. वास घ्यायचं मात्र एकाही शहाण्याला सुचलं नाही. गाडीपाशी पेट्रोलचा वास येणारच, त्यात नवल ते काय?

मग मी पोलिसाला जे येतं तेच केलं. बॉनेट बंद केलं, कडेला कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या, दोन पंचांच्या सह्या घेतल्या आणि लाखेचं सील ठोकलं. काडीवरची पातळी पंचनाम्यात लिहिली. गुरुजींना सांगितलं, “चार दिवस नेहमीसारखी चालवा, पण फार लांब नेऊ नका.”

गुरुजी सील मारलेली गाडी घेऊन बाजारात गेले, की लोक हात दाखवून थांबवायचे. “गुरुजी, गाडीला अटक झाली का हो?” दुसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणालं, “जामीन करा की!” गुरुजींनी त्या माणसाला भर रस्त्यात पावकीचा पाढा विचारला.

पाचव्या दिवशी गुरुजी, मिस्त्री आणि पंच यांना एकत्र बोलावलं. सील जसंच्या तसं. सह्या जुळल्या. सील फोडलं, काडी काढली. ऑइल अर्धं बोट आणखी वाढलं होतं!

पंचांनी माझ्याकडे पाहिलं, मी गुरुजींकडे. गुरुजींचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. “म्हणजे... बाहेरून कुणीच ओतलं न्हाई?”

तेव्हा मागे उभा असलेला मिस्त्री बोलला. दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरलेले. “साहेब, काडी नाकाला लावा.”

लावली. पेट्रोलचा असा भपकारा आला, की माझ्या मिशा आठवडाभर पेट घेण्याच्या बेतात होत्या.

“आता एक थेंब पेपरावर टाका. शेजारी नव्या ऑइलचा टाका.”

टाकले. नवा थेंब जागेवर बसला. गुरुजींच्या ऑइलचा थेंब मात्र पसरत पसरत जाहिरात ओलांडून अग्रलेखात शिरला.

“इंजिनाच्या अंगाला टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप हाय ना, त्याचा आतला रबरी पडदा फाटलाय. पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरून राहिलंय. म्हणून ऑइल वाढतंय आणि पातळ होतंय. पातळ ऑइलचा दाब कमी झाला की दिवा लुकलुकतो. अशीच चालवली तर बेअरिंगं जातील.”

“अरे, मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?” मी ओरडलो.

“जाता जाता वास आला म्हणून वाकलो होतो. सांगायला गेलो तर गुरुजीनं दार लावून घेतलं. आन ठाण्यात सांगितलं असतं, तर तुम्हीच म्हणला असता ना, पंपाचा पडदा फाटला हे ह्यालाच कसं माहीत?”

मी म्हणालो असतो. शंभर टक्के म्हणालो असतो. वर तोच पडदा जप्त करून त्याच्याविरुद्ध लावला असता.

गुरुजींनी तिथेच अर्ज मागे घेतला. मोत्यासारख्या अक्षरात चार ओळी लिहिल्या आणि मिस्त्रीला म्हणाले, “चल, आता दुरुस्त कर.”

“न्हाई गुरुजी. गावाच्या लेखी माझे हात अजून बांधलेलेच हायत. चावी त्या चहावाल्यासमोर, चारचौघांत द्यायची.”

गुरुजी चहाच्या टपरीवर गेले. तिथल्या दहा-बारा माणसांसमोर चावी मिस्त्रीच्या तळहातावर ठेवली आणि ज्या आवाजात झेंडावंदनाला भाषण करत त्या आवाजात म्हणाले, “माझी चूक झाली. गाडी तुझ्या हातात बरी राहते.” मुखेडपर्यंत ऐकू गेलं असणार. चहावाल्याने त्या दिवशी सगळ्यांना फुकट चहा पाजला. त्याच्या आयुष्यातली ती एकमेव नोंद. मिस्त्रीने नवा पंप बसवला, सगळं ऑइल आणि फिल्टर बदलला, आणि दिवा लुकलुकायचा थांबला.

चौकशीत गप्प बसलेला माणूस काहीतरी लपवतोय, असं मला प्रशिक्षणापासून वाटत आलं होतं. कित्येकदा तसं असतंही. पण कधीकधी त्याला खरं उत्तर माहीत असतं, आणि ते सांगितलं तर तोच अडकेल अशी आपण व्यवस्था केलेली असते. त्यानंतर कुणी गप्प बसला की मी दरडावणं थांबवायचो आणि आधी त्याच्यावरचा संशय खरा की खोटा हे तपासायचो. संशय फिटला की माणसं भराभरा बोलतात. इतकी, की काहींना थांबवायला मला दुसऱ्या ठाण्याची कुमक मागवावी लागली.

हे समजायला मला नोकरीची अठ्ठावीस वर्षं लागली. मिस्त्रीला ते ठाण्याच्या बाकावर बसल्या बसल्या समजलं होतं.